तूर्तास अध्यक्ष

नाना, तुझ्या शोकसभेचा ठराव लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. सेक्रेटरी सकाळीच सोसायटीचं लेटरहेड घेऊन आला. म्हणाला, "आबा, तुम्हीच लिहा. तुमचा जुना सोबती. शिवाय अध्यक्ष म्हणून सही तुमचीच लागणार." चहा पिऊन तो गेला आणि मी लिहायला बसलो. 'आपल्या संस्थेचे' एवढं लिहून झालं. तुझ्या नावाआधी आता एक शब्द यायला हवा होता आणि तो कुठला, हे ठरेना. सभासद की अध्यक्ष? सेहेचाळीस घरांपैकी कोणालाही विचारलं तर तो सभासदच सांगेल, कारण नोटीस बोर्डावर अध्यक्ष म्हणून आजही माझं नाव आहे. खरं उत्तर फक्त मला ठाऊक आहे, आणि मला वाटतं तुलाही होतं.

म्हणून ठराव बाजूला ठेवला आणि तुझ्याशीच बोलायला बसलो. तू गेल्याला आज नऊ दिवस झाले. जिवंतपणी तुझ्याशी खोटं बोललो, आता तरी ते जमू नये.

दीपनगरच्या वीज केंद्रात आपली तीस वर्षं गेली. मी कंट्रोल रूममध्ये, तू टर्बाइनचा फिटर. मी एसीत बसून काटे बघायचो, तू खाली तापल्या लोखंडाशी झटायचास आणि तरीही वाद घालायला जिने चढून वर यायचास. हाताला ग्रीस आणि तोंडात अहिराणी. तू साक्रीकडचा, मी जामनेरचा. 'आहे'ऐवजी येणाऱ्या तुझ्या 'शे'ला मी हसायचो आणि आमची बोली ऐकून तू नाक मुरडायचास. निवृत्तीनंतर बऱ्याच जणांनी मिळून जळगावच्या बाहेर प्लॉट घेतले, सोसायटी केली, आणि पहिल्याच सभेत अध्यक्ष म्हणून माझं नाव तूच सुचवलंस. सगळ्यांचे हात वर झाले. पुढची चौदा वर्षं ते तसेच वर होत राहिले.

मी काम केलं, हे तूही नाकारायचा नाहीस. बोअरवेल केली, गटारी केल्या, नगरपालिकेच्या दारात उभं राहून दिवे आणले. माझ्यानंतर हे कोण करणार, असं मी येता-जाता म्हणायचो. सुरुवातीला ती काळजी होती. पुढे पुढे सवय झाली.

सोसायटी उभी राहत होती तेव्हा तू गांबियाला गेलास. तिथल्या वीज केंद्रावर कंत्राटी फिटर म्हणून, तीन वर्षांसाठी. मी नकाशा उघडून शोधत बसलो आणि देश सापडेना. तू फोनवर म्हणालास, "आबा, सेनेगल देख. त्यान्या तोंडमा जीभ शे ना, तो गांबिया." एका नदीच्या दोन्ही काठांना चिकटलेला, भुईमुगावर जगणारा आणि आपल्या एका जळगाव जिल्ह्याएवढा देश. मी हसून म्हणालो होतो की मग तिथे राष्ट्रपती कशाला, कलेक्टर पुरे की.

तुला राग आला होता. राष्ट्रपती म्हणू नको, राष्ट्राध्यक्ष म्हण, असं तू बजावलंस. "आपला राष्ट्रपती सही करतो. हाऊ गांबियाना सही करायला लावतो." मग तू मला तो देश समजावून सांगायला लागलास, दर रविवारी, आठवड्याला एक धडा. लोक थेट राष्ट्राध्यक्ष निवडतात. एकच फेरी, ज्याला इतरांपेक्षा जास्त मतं तो आला, मग निम्म्याहून जास्त लोक विरोधात असले तरी चालेल. मंत्री तो नेमतो, आणि मंत्र्याला लोकसभेत बसता येत नाही. त्या सभेतही पाच माणसं त्याच्या मर्जीची. आणि किती वेळा निवडून यायचं याला मर्यादाच नाही. स्वातंत्र्यापासून देश दोनच माणसांनी चालवला होता. पहिल्याला लष्कराने काढलं आणि ज्याने काढलं तो बावीस वर्षं बसला. मी म्हणालो, चालवत असेल नीट, म्हणून असेल बसलेला. तू फोनवर म्हणालास, "तू असंच म्हनशी, माहीत व्हतं माले."

गोट्यांचं मात्र तू ज्या आनंदाने सांगितलंस तो अजून माझ्या कानात आहे. त्या देशात मत कागदावर देत नाहीत. प्रत्येक उमेदवाराचा एक रंगवलेला पिंप असतो. मतदाराला एक काचेची गोटी देतात. पडद्याआड जायचं, आपल्या माणसाच्या पिंपाच्या नळीत गोटी टाकायची. आत घंटी असते, गोटी आदळली की ती वाजते, आणि खाली भुसा किंवा वाळू असते म्हणून दुसरा आवाज होत नाही. बाहेर बसलेला अधिकारी कान देऊन असतो. एका माणसामागे एक घंटी. दोनदा वाजली की समजायचं, लबाडी झाली. लिहिता-वाचता न येणाऱ्यालाही जमावं म्हणून इंग्रजांच्या वेळेपासून ही रीत आहे. मतदानाच्या दिवशी केंद्राजवळ सायकल फिरकू देत नाहीत, कारण सायकलची घंटी तशीच वाजते. हे सांगताना तू इतका हसलास की तुला ठसका लागला. तुझा तिथला जोडीदार लामिन तुला मतदान बघायला घेऊन गेला होता. परदेशी माणसाला आत सोडत नाहीत, म्हणून तू लांब आंब्याच्या झाडाखाली उभा राहिलास आणि दुपारभर नुसत्या घंट्या ऐकल्यास.

तो नोटाबंदीचा डिसेंबर होता. त्या गोट्यांनी बावीस वर्षं बसलेल्या माणसाला हरवलं. तो टीव्हीवर आला, जिंकलेल्याला फोन लावला आणि हसत हसत अभिनंदन केलं. लामिन रस्त्यात नाचला म्हणालास. आठवडाभरात तोच माणूस पुन्हा टीव्हीवर आला आणि म्हणाला, मोजणीत घोळ आहे, मला निकाल मान्य नाही. दुकानं बंद व्हायला लागली, लोक बोचकी बांधून सेनेगलकडे निघाले. कंपनीने तुम्हाला तयारीत राहायला सांगितलं. तिथल्या सभेने त्याची मुदत तीन महिन्यांनी वाढवूनही दिली. तू घाबरून फोन केलास आणि विचारलंस, "आबा, माणूस स्वतःच्या तोंडाने हरलो म्हणतो आणि मग फिरतो, त्याला काय म्हणावं?" मी म्हणालो, "काहीतरी कारण असेल त्याच्याकडे." शेजारच्या देशांनी सीमेवर सैन्य आणलं तेव्हा कुठे तो विमानात बसून गेला.

तू परत आलास तो जरा वेगळाच होऊन आलास. एकदा तुझ्या घरापुढच्या वट्ट्यावर बसलो असताना म्हणालास, "तठे माझं आडनाव कोणालाच वाचता येत नव्हतं, आबा. तीन वर्षं हलका व्हतो." मी काहीतरी विनोद केला. तू हसला नाहीस. दीपनगरात तुझ्या डब्यातली भाजी मी खाल्ली, तू माझ्या पोरीच्या लग्नात पंगतीला वाढलंस, म्हणजे आपल्यात तसलं काही नाही, असं माझं पक्कं मत होतं. तुझं मत काय होतं, हे मी कधी विचारलंच नाही.

गांबियावरून आपलं भांडण मात्र वर्षानुवर्षं पुरलं. तीन वर्षांसाठी म्हणून ज्याला नवा राष्ट्राध्यक्ष केला तोही पुढे खुर्चीत राहिलाच. मुदतीची मर्यादा घालणारी नवी राज्यघटना लिहिली, ती तिथल्या सभेतच पडली. मला उकळ्या फुटायच्या. मी तुला डिवचायचो की काय केलं तुझ्या गोट्यांनी, एक गेला आणि दुसरा बसला. तू शांतपणे म्हणायचास, "गोट्यास्नी माणूस बदलला. खुर्ची बदलायला गोट्या पुरत नहीत, तठे बसनाराची लाज लागते." हा वाद आपण संपवलाच नाही. आता तुझी बाजू तेवढी मोकळी राहिली आहे, आणि मला माझ्या बाजूने एक शब्द बोलवत नाही.

मागच्या वर्षीच्या वार्षिक सभेत मी नेहमीप्रमाणे म्हणालो, अध्यक्षपदासाठी हात वर करा. तू उठलास. "हात वर कराले लावणं म्हणजे मतदान नही, ती हजेरी शे." लोक हसले. कोणी म्हणालं, चिठ्ठ्या टाकू. तू म्हणालास, "आबाने तीस वर्षं लॉगबुकं तपासलीत. अक्षर सोडा, आबा ते फुलीसुद्धा वळखी." मग गोट्यांची कथा सांगितलीस. बायकांना गंमत वाटली, त्यांनीच उचलून धरलं. मी विचारलं, पण माझ्याविरुद्ध उभं कोण राहणार? तू म्हणालास, "मी."

मी हसून टाळी दिली. घरी येऊन जेवलो नाही.

तयारी सगळी तू केलीस. रंगाचे वीस लिटरचे दोन रिकामे डबे, त्यांना पीव्हीसी पाइपाच्या तुकड्याची नळी, आत सायकलची घंटी, तळाला वखारीतला लाकडाचा भुसा. माझा डबा हिरवा ठरला. सेक्रेटरी हसत म्हणाला, "नानांना निळा ना?" तू त्याच्याकडे एकदा पाहिलंस आणि पिवळ्या रंगाची डबी उचललीस. मी तिथेच उभा होतो. मी ऐकलं आणि ब्रश धुवायला गेलो.

मतदानाच्या रविवारी तू गल्लीत सायकलबंदी लावलीस. पोरांनी तोंडं पाडली. घर क्रमांक एकतीसच्या मावशींनी गोटी टाकल्यावर पडद्यामागून ओरडून विचारलं की अजून एक टाकू का, आवाज छान येतो. सगळी सोसायटी हसली, तू तर डोळे पुसत होतास. पडदा कार्यालयात लावला होता, बाहेर खुर्चीवर सेक्रेटरी बसला होता, घंटी वाजली की कागदावर रेघ ओढायची एवढंच त्याचं काम. तू दाराशी, मी कार्यालयाच्या खिडकीशी.

आता ऐक, नाना. दहाच्या सुमारास गल्लीच्या तोंडाशी सायकलवरून खारी-टोस्टवाला आला. पोरांच्या सायकली बंद केल्यास, पण बाहेरून येणाऱ्या या माणसाला कोणी सांगायचं राहिलं. त्याने एकदा घंटी दिली, समोरून कोणीतरी हात हलवून हाकललं आणि तो वळून गेला. तुला दारातून तो दिसला नसणार. मला खिडकीतून दिसला. त्याची घंटी ऐकून सेक्रेटरीने कागदावर एक रेघ ओढली, तीही मला दिसली. सांगायला हवं होतं. त्या क्षणी माझ्या मनात लबाडी नव्हती, एवढं तरी मान. उठायचा कंटाळा केला. मतमोजणीत कळेलच म्हटलं.

एक घर बंद होतं, म्हणून पंचेचाळीस मतं. पाटाला भोकं पाडून तू मोजणीचा तक्ता केला होतास, त्यात गोट्या बसवल्या. पिवळ्यात तेवीस, हिरव्यात बावीस. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उठलो, माझ्यासाठी आणलेला हार तुझ्या गळ्यात घातला आणि म्हणालो, खुर्ची तुझी, पुढच्या रविवारी ताबा घे. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. तू तिथल्या तिथे गावाकडे फोन लावलास आणि कमी ऐकू येणाऱ्या काकाला सगळ्यांसमोर ओरडून सांगितलंस, "काका, मी चेअरमन व्हयी गऊ!"

माझं अभिनंदन खरं होतं. सोमवार संपेपर्यंत तरी होतं. मंगळवारी सेक्रेटरी आला. म्हणाला, "आबा, तुम्ही मोठ्या मनाने दिलंत. पण बाकीच्यांना पचेल का? नाना चांगलाच आहे, पण शेवटी..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. मला ते पुरं कळलं आणि न कळल्यासारखं करून मी विचारलं की रेघांचा हिशोब जुळला का. रेघा सेहेचाळीस होत्या आणि गोट्या पंचेचाळीस. एक गोटी कमी. ती माझ्या डब्यातली असती तर बरोबरी झाली असती. हे मीच बोललो, त्याने नाही. शनिवारी बोर्डावर नोटीस लागली. 'घंटीच्या नोंदी व प्रत्यक्ष गोट्या यांत तफावत आढळल्याने, खुलासा होईपर्यंत विद्यमान अध्यक्ष तूर्तास काम पाहतील.' तूर्तास हा शब्द माझा. फार सभ्य शब्द आहे. त्यात नाही म्हणावं लागत नाही.

संध्याकाळी तू माझ्याकडे आलास. नेहमीसारखा थेट स्वयंपाकघरात न जाता दारातच उभा राहिलास. मला वाटलं आता कडाक्याचं भांडण होणार, आणि मी तयारीत होतो. तू एकच विचारलंस. "आबा, तू खिडकीजवळ बठेल व्हता. तुले काही दिसनं का?"

मी म्हणालो, "नाही."

"बरं," म्हणालास आणि गेलास. पायातली चप्पल तू काढलीच नव्हतीस, हे मला नंतर लक्षात आलं.

मी खोटं का बोललो, हे या नऊ दिवसांत मी हजारदा विचारलं स्वतःला. खुर्चीचा मोह म्हणावं तर ती खुर्ची कसली, प्लास्टिकची. हरल्याची लाज होती, हे खरं. पण दुसऱ्या एखाद्याकडून, सेक्रेटरीकडून किंवा त्याच्यासारख्या कोणाकडून हरलो असतो तर मी आठ दिवस कुरकुरलो असतो आणि चाव्या देऊन टाकल्या असत्या. सेक्रेटरीने ते अर्धं वाक्य माझ्याकडे आणलं, कारण ते माझ्या घरात खपेल हे त्याला ठाऊक होतं. डब्यातली भाजी खाल्ली म्हणून मी स्वतःला फार मोठा समजत होतो. भाजी खाणं सोपं असतं नाना. तू वर बसणार आणि मी समोर सतरंजीवर, हे मला जमलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. माझा तर सुंभही जळला नव्हता.

आपल्या सोसायटीला शेजारी देश नव्हते, नाहीतर कोणीतरी सैन्य पाठवलं असतं. उरलेल्या चव्वेचाळीस घरांनी नोटीस वाचली, मान हलवली आणि पाणी वेळेवर येतंय ना ते पाहिलं. तूही गाजावाजा केला नाहीस. सकाळी फिरायला येत राहिलास, माझ्या गुडघ्यासाठी तेल आणून दिलंस. फक्त वाद घालायचं बंद केलंस. मी मुद्दाम गांबिया काढला तर म्हणायचास, "जाऊ दे, लांबनं शे ते." मला वाटलं तू विसरलास. खरं सांगायचं तर तू विसरावंस अशी माझी सोय होती.

आणि मग त्या गुरुवारी सकाळी तुला दवाखान्यात नेलं आणि दुपारी फोन आला. वहिनी म्हणाल्या, गावी न्यायचं. तुझ्या मुलाच्या गाडीत मागे बसून मी आलो. पारोळा गेलं, धुळं गेलं, साक्रीच्या अलीकडे रस्ता डोंगराकडे वळला, आणि सगळा वेळ मी पुढच्या रुग्णवाहिकेच्या मागच्या काचेकडे बघत होतो.

गावात शिरताना वेशीवर फ्लेक्स लागला होता. तुझा गांबियातला फोटो, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हसणारा. खाली 'भावपूर्ण आदरांजली', तुझं नाव, आणि नावाखाली ठळक अक्षरात 'चेअरमन, गृहनिर्माण सोसायटी, जळगाव'. मी गाडीतून उतरलो आणि नेमका त्याच्याखाली उभा राहिलो. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आले, तुझे काकाच असावेत. मोठ्याने विचारलं, "तुमी कोन, बाबा?"

मी म्हणालो, "त्याच सोसायटीतला. सभासद."

चौदा वर्षांत पहिल्यांदा मी स्वतःला सभासद म्हणालो, तेही भीतीपोटी. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आमना पोऱ्या चेअरमन व्हता तुमना. बठ्ठा गावले पेढा वाटेल व्हतात आम्ही." तू त्यांना नंतर काहीच सांगितलं नव्हतंस. कसं सांगणार? ज्या दोस्ताचं कौतुक तू गावभर केलं होतंस, त्याचंच नाव घ्यावं लागलं असतं. चितेला अग्नी दिला तेव्हा वंदना चालू होती. मला ती येत नाही. मी नुसते हात जोडले.

इथवर तुझ्याशी बोललो, ठरावाचं एक वाक्य कसंबसं लिहिलं आणि दुपारी उठून तुझ्या घरी गेलो. पुण्यानुमोदनाची तयारी चालली होती. वहिनी तांदूळ निवडत होत्या. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. टोस्टवाला, रेघ, सेक्रेटरीचं अर्धं वाक्य आणि माझं 'नाही'. सांगताना मला वाटत होतं की त्या रडतील किंवा माझ्यावर ओरडतील, आणि दोन्हीपैकी काहीही झालं तरी मला बरं वाटेल. त्यांनी सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "भाऊ, हाई म्हैनाभर पहिले सांगं असतं ते त्यास्नी ऐकं असतं. माले सांगीसन काय व्हयी?"

मी म्हणालो, "वहिनी, चुकलो."

त्या तांदळातला खडा बाजूला टाकत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दर म्हैनाना पहिला रविवारले तुमनी मीटिंग ऱ्हास ना? त्या सकाळमा उठीसन दाढी करेत. इस्तरीना पांढरा शर्ट घालेत आनि बाहेर वट्टावर बठेत. आज आबा बलावी, म्हनेत. अकरा वाजनात का घरमा येत आनि शर्ट काढीसन घडी करी ठेवेत. मयेल नव्हता ना शर्ट. पुढला म्हैनाले तोच चाले."

आठ महिने, नाना. आठ रविवार. त्या प्रत्येक रविवारी तुझ्या वट्ट्यापासून साठ पावलांवर मी कार्यालयात बसलो होतो, आणि त्यातल्या निम्म्या बैठकांत चहाशिवाय काही विषयच नव्हता. एकदा मी खिडकीतून तुला पाहिलंही होतं. पांढऱ्या शर्टात बसला होतास. कुठे लग्नाला निघाला असशील, असं मला वाटलं.

घरी येऊन ठरावाचा कागद पुन्हा पुढे ओढला. जायच्या आधी मी एक वाक्य लिहून गेलो होतो आणि माझ्या मते ते धाडसाचं होतं. 'आपल्या संस्थेचे निवडून आलेले अध्यक्ष, ज्यांना दुर्दैवाने पदावर बसता आलं नाही.' ते वाचलं. उद्या रविवार आहे, सगळे जमतील, सेक्रेटरी पहिल्या रांगेत असेल. पेन घेतलं. 'दुर्दैवाने' खोडलं, 'बसता आलं नाही' खोडलं, आणि वर लिहिलं, 'मी बसू दिलं नाही'. खाली सही केली. सहीपुढे पद लिहायची जागा छापलेली असते. ती रिकामी ठेवली.